पांढरीतली मडकी

आमच्या गावात घर बांधायचं म्हटलं की माणूस आधी पांढरीवर जायचा. पांढरी म्हणजे गावाच्या उत्तरेला, येरळा नदीच्या काठावर असलेलं मातीचं टेकाड. रानातली माती काळीभोर आणि ही राखेसारखी पांढुरकी. भिंतीला तीच, धाब्याच्या छपरावर अंथरायलाही तीच. पाणी झिरपू देत नाही असा तिचा लौकिक. लोकांनी ती आधी गाढवांवरून नेली, मग बैलगाडीतून, आणि अलीकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. ती पांढरी का, हे कुणी विचारलं नाही. माणसं एकाच जागी राहून राहून, चुली पेटवून, शेणानं सारवून, पडलेल्या भिंतींवर नव्या भिंती उभ्या करून माती तशी होते, हे मला पुण्याला शिकायला गेल्यावर कळलं. म्हणजे आम्ही दुसऱ्यांच्या घरांनी आमची घरं बांधत होतो. सुट्टीत घरी येऊन मी हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तेव्हा वडील म्हणाले, "मग काय झालं? गेलेल्याचं धोतर धाकट्यानं न्हाई व्हय नेसायचं?"

पुढं मी जन्मभर उत्खननांवर चित्रं काढायचं काम केलं. खड्ड्याच्या उभ्या भिंतीत दिसणारे मातीचे थर, खापरं, मणी, सांगाडे. जे जसं सापडेल ते तसं, हलवायच्या आधी मापात कागदावर उतरवायचं. फोटो काढतातच, पण फोटोला एक थर कुठं संपला आणि दुसरा कुठं सुरू झाला ते कळत नाही. ते बघायला उन्हात तासन्‌तास बसावं लागतं. मी बसले. त्यापायी माझी पाठ गेली आणि स्वभाव तिखट झाला, असं घरचे म्हणतात. स्वभाव मुळातच तिखट होता. आता निवृत्त होऊन साताऱ्यात राहते, आणि सणावाराला, कामाकाजाला पुसेसावळीवरनं एसटीनं गावी जाते.

गावी माझा थोरला भाऊ असतो. आमच्या विट्याकडची निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली. जुने दागिने आटवायचे, सोनं शुद्ध करायचं, असा तो धंदा. दादा ऐन तारुण्यात सेलमला गेला आणि केस पांढरे करून परत आला. दुकान आता मुलगा बघतो. गलाईवाल्याच्या नजरेत केर नावाची गोष्टच नसते. सोनाराच्या दुकानातला झाडलोटीचा केर तो विकत घेतो, जाळतो, राख परातीत घेऊन पाण्यानं धूत बसतो. हलकं ते वाहून जातं, जड ते तळाशी राहतं. त्या तळातनं त्यानं घर उभं केलं, बहिणीचं लग्न केलं. बहीण म्हणजे मी.

गावी आल्यावर त्याला करमेना. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसा तो परात घेऊन पांढरीवर जाऊन बसायला लागला. ट्रॉली भरून गेली की जिथनं माती काढली तिथली चार घमेली आणायची, नदीवर धुवायची. तळाला मणी यायचे. लाल, काळे, एखादा पांढऱ्या रेघांचा. शंखाच्या बांगड्यांचे तुकडे यायचे. तांब्याची नाणी यायची. नाणी हाती लागली की हा गडी ती तेजाबात बुडवायचा, कारण धातू म्हटलं की तो लखलखीत झाला पाहिजे, हे त्याच्या हाडीमासी भिनलेलं. हिरवा गंज जायचा आणि त्याबरोबर नाण्यावरचं सगळं काही जायचं. माझ्या हातात त्यानं अभिमानानं ठेवलेलं पहिलं नाणं शर्टाच्या बटणासारखं गुळगुळीत होतं.

"दादा, ह्याच्यावर राजाचं नाव असणार. तू पुसलंस."

"आगं, घाण हुती ती."

"ती घाणच वाचायची असते."

मग आमची जुंपायची. मी म्हणायची, तू पोथीची पानं फाडून त्यातली चित्रं गोळा करतोस. तो म्हणायचा, "तुमी खनलं तर शास्त्र, आमी खनलं तर चोरी. लय भारी हाय तुमचं." वैनी मध्ये पडून चहा द्यायची. भांडण तिथं थांबायचं, मिटायचं नाही.

मागल्या वर्षी ग्रामपंचायतीनं ठरवलं की पांढरी सपाट करायची आणि तिथं बाजारतळ करायचा. यात गावाचं काही चुकलं, असं मला म्हणता येत नाही. कालव्याचं पाणी आल्यापासून ऊस वाढला, उसाचे ट्रॅक्टर वाढले, आणि आठवड्याचा बाजार अजून रस्त्यावरच बसतो. एका म्हाताऱ्या भाजीवालीचा पाय ट्रॉलीखाली गेला तेव्हापासून सगळे चिडले होते. टेकाड तरी किती उरलं होतं? तीन बाजूंनी खाल्लेलं, मधलाच भाग उभा. सरपंच मला म्हणाले, "ताई, मेलेल्यांची जागा जित्यांना द्यायची का न्हाई?" प्रश्न सरळ होता. तरी मी पुण्याला फोन केला.

ज्या बाईंना फोन केला त्या पुरातत्त्वातल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या. एका उत्खननावर आम्ही बरोबर काम केलं होतं. त्या दोन दिवस काढून आल्या, टेकाडाभोवती फिरल्या, उभ्या तुटलेल्या बाजू बोटांनी चाचपून बघितल्या. मग आमच्या सोप्यात बसल्या. दादानं बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणून त्यांच्यापुढं उघडला. वर्षावर्षाची मेहनत त्यात कापसावर मांडून ठेवलेली. त्या खरंच हरखल्या. एकेक मणी उजेडात धरून बघितला. मग त्यांनी विचारलं, "हा कुठं मिळाला?"

"पांढरीतनं."

"पांढरीत कुठल्या बाजूला? किती खोलावर? त्याच्याजवळ आणखी काय होतं?"

दादा माझ्याकडं बघायला लागला. "परातीत आल्यावर दिसला, मॅडम."

त्यांनी मणी जागेवर ठेवला आणि डब्याचं झाकण अगदी हळू लावलं. काही वावगं बोलल्या नाहीत. पण ते झाकण लावणं दादाला लागलं, आणि त्याला लागलेलं मला लागलं. एरवी हेच मी त्याला शंभरदा सुनावलं होतं. दुसऱ्या कुणी तेच न बोलता सांगितलं तर मला राग आला. आपलं माणूस आपण बोलावं, इतरांनी नाही.

जाताना त्यांनी दारात, वैनीसमोर, मला खरं ते सांगितलं. असे मणी, अशी खापरं कितीतरी टेकाडांवर मिळतात. तेवढ्यावर काम थांबवता येणार नाही. टेकाडाच्या पोटात, जागच्या जागी, कुणी हात न लावलेलं काहीतरी सापडायला हवं. एखादी घराची जमीन, एखादी चूल, एखादं दफन. मग त्या वरपर्यंत जाऊन थांबवू शकतील.

त्या गेल्या त्या दिवशी दुपारी मी आणि वैनी परसात शेंगा फोडत बसलो होतो. वैनी बोलण्यात कधी घाई करत नाही. आधी तिनं पदरात शेंगदाणे साठू दिले. मग म्हणाली, "वन्सं, त्या मॅडमनी दफन म्हनलं, ते काय आसतंय?"

मी सांगितलं. फार जुन्या काळी आपल्या दख्खनात लहान मूल गेलं तर दोन मडक्यांत ठेवायचे. मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून. घराच्या जमिनीखालीच पुरायचे, बाहेर नाही.

वैनीचे हात थांबले. "मग आमाला ते घावलंय," ती म्हणाली.

चैत्रात घडलं होतं. ट्रॉलीवाल्यांनी माती उकरली तिथं दादाला मडक्याचा फुगवटा दिसला. करड्या रंगाची दोन मडकी, तोंडाला तोंड. दादाला काय वाटलं असेल ते सांगायला नको. पुरलेलं मडकं म्हटलं की आपल्याकडं गुप्तधनच आठवतं. त्यानं ती पोत्यात घालून घरी आणली, दार लावलं, एक मडकं फोडलं. आत भुसभुशीत माती. त्यानं सवयीनं ती परातीत ओतली. आणि मातीबरोबर इवलीशी हाडं आली. वैनी म्हणाली, "चिमनीचं काड्यांचं घरटं आसतंय का न्हाई, तसली. डोस्क्याचं हाड तर खापरीवानी पातळ. ह्येंनी हात धुतलं आनि कोपऱ्यात जाऊन बसलं."

मग दोघांनी जे केलं ते आमच्या गावातलं कुठलंही घर करतं ते. तान्हं मूल आम्ही जाळत नाही. ओढ्याच्या काठाला, करंजाच्या झाडांच्या बाजूला, खड्डा घेऊन मीठ घालून पुरतो. त्यांनी ती हाडं, त्या दोन मडक्यांसकट, धुतलेल्या फडक्यात बांधून तिथं नेली. वैनीनं वाटीभर दूध ओतलं. घरी येऊन दोघांनी अंघोळ केली. कुणाला सांगितलं नाही.

मला काय वाटलं ते लपवून काय उपयोग? मला राग आला. भयंकर राग आला. ज्या एका गोष्टीनं पांढरी वाचली असती ती या माणसानं उपसून, धुऊन, मीठ घालून पुरली होती. मी तशीच उठून गोठ्यात गेले. दादा म्हशीखालचं शेण काढत होता.

"तू मला का सांगितलं नाहीस?"

त्याला कशाबद्दल ते विचारावं लागलं नाही. हातातलं खोरं भिंतीला टेकवून तो म्हणाला, "तुला सांगितलं आस्तं तर तू काय केलं आस्तंस?"

"जागेवर ठेवायला सांगितलं असतं. चित्र काढलं असतं. बाईंना बोलावलं असतं."

"मग?"

"मग त्यांनी ते नीट काढून नेलं असतं."

"कुटं न्हेलं आस्तं? त्या खोक्यात?"

कुठल्या खोक्याबद्दल तो बोलतोय हे मला लगेच समजलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. फार वर्षांपूर्वी एका उत्खननावर मी असंच एक मूल कागदावर उतरवलं होतं. जगात त्याचं एवढंच चित्र. पुढं कामानिमित्त त्या संस्थेच्या गोदामात गेले तेव्हा ते खोकं मला दिसलं. वरची चिठ्ठी उंदरांनी खाल्लेली, आत तीन ठिकाणच्या खापरांची सरमिसळ, आणि त्या उत्खननाचा अहवाल कुणी लिहिलाच नव्हता. ज्यांनी लिहायचा ते निवृत्त झाले, मग वारले. त्या दिवशी मी गावी येऊन जेवताना याच दादापुढं संतापले होते. शिकलेल्या चोरांपेक्षा न शिकलेले बरे, असं काहीतरी म्हणाले होते. तो तेव्हा नुसता ऐकत होता.

आता तो म्हणाला, "आगं, हजार वर्सं झाली तरी पोर ते पोरच न्हवं? त्येच्या आयनं घरात पुरलं, भायेर टाकलं न्हाई. आनि तुमी त्येला खोक्यात घालून वर लंबर टाकनार."

दादा-वैनीचं पहिलं मूल सेलमला गेलं, चार-सहा महिन्यांचं होऊन. परका मुलुख, भाषा येत नव्हती. शेजाऱ्यांनी सांगितलं तिथं, गावाबाहेरच्या एका माळावर दादानं ते पुरलं. पुढं तिथनं रस्ता गेला. आमच्या घरात हे कुणी बोलत नाही. मीही त्या वेळी गोठ्यात बोलले नाही. पण आम्हा दोघांनाही ते आठवत होतं, आणि माझा राग तिथंच अर्धा विझला.

उरलेल्या अर्ध्यानं मी बोलले. म्हटलं, "दादा, तुझं खरं. गोदामांचं मी तुझ्यापेक्षा वाईट बघितलंय. पण एक सांग. ज्या घरात एक मूल पुरलं त्या गावात दुसरं पुरलं नसेल? जिथं एक असतं तिथं आणखी असतात. तू एकाला नेऊन निजवलंस. बाकीच्यांवरनं जेसीबी जाणार आहे. त्यांना ना खोकं, ना ओढा. बाजारतळाच्या भरावात जातील."

म्हैस शेपटीनं माशा वारत होती. खोरं पुन्हा उचलत तो म्हणाला, "मग ह्येला वर काडायचं का? तू म्हनशील तर काडतो. पर मीच काडनार, दुसऱ्याचा हात लावू देनार न्हाई."

तेव्हा मला त्याला सांगावं लागलं की त्याचा उपयोग नाही. जागेवरनं उचललेली गोष्ट म्हणजे जागेवरनं उठलेला साक्षीदार. तो कुठं उभा होता हेच कुणाला माहीत नसेल तर त्याच्या बोलण्याला काय किंमत? शिवाय मिठानं आणि यंदाच्या पावसानं हाडांचं पीठ झालं असणार. ते मूल आता ओढ्याकाठीच बरं. हे ऐकून त्याचा चेहरा मोकळा झाला, आणि तो मोकळा झाला म्हणून मला रडू आलं. मी म्हटलं, "पण आता दुसरं दिसलं तर हात लावू नकोस. परात नको, पोतं नको, काही नको. मला हाक मार."

"मारीन," तो म्हणाला.

पाऊस संपला, जमीन वाळली आणि जेसीबी आला. साताऱ्यात बसून मी रोज फोन करत होते, रोज तेच उत्तर. "चाललंय काम." दादा सकाळी भाकरी बांधून घेऊन पांढरीवर जायचा आणि दिवस मावळेपर्यंत समोरच्या बांधावर बसायचा. लोक हसायचे. शेठला अजून सोनं घावंल आसं वाटतंय, म्हणायचे. तोंडावर म्हणायचे. जेसीबीवाला कडेगावकडचा, तरणा. रोज एकटाच बसलेला हा म्हातारा बघून त्यालाच दया आली असावी. तो जेवायला दादाशेजारी येऊन बसायला लागला. दादानं त्याला सगळं सांगितलं, जे गावाला सांगितलं नव्हतं ते. त्यालाही वर्षाची मुलगी होती.

म्हणून ज्या दिवशी बकेटीच्या दातांनी कड ढासळली आणि मातीत करडा फुगवटा दिसला, त्या दिवशी दादाला ओरडावं लागलं नाही. मशीन आपणहून थांबलं. तरणा खाली उतरला, म्हणाला, "आण्णा, ह्येच का वो?"

दादा जवळ गेला. तोंडाला तोंड लावलेली दोन मडकी, जमिनीच्या एका कडक, सारवलेल्या पट्ट्याच्या बरोबर खाली. त्यानं हात पाठीमागं बांधले आणि मला फोन केला. एवढंच म्हणाला, "ये."

मी पुण्याला कळवलं आणि मिळेल त्या एसटीनं निघाले. पोचले तेव्हा दादा त्या मडक्यांपुढं पोतं अंथरून बसला होता आणि भोवती गाव जमलं होतं. त्यात सरपंच होते, हौशी पोरं मोबाईल घेऊन होती, आणि मडक्यात सोनं असणार म्हणून फोडा म्हणणारेही होते. दादा उठत नव्हता. एकानं त्याला हाताला धरून ओढलं तेव्हा वैनी पुढं झाली. एरवी चारचौघांत न बोलणारी बाई म्हणाली, "हात लावा बगू. तुमच्या घरातलं आसतं तर फोडलं आसतं का?" दुसऱ्या दिवशी पुण्याहून बाई आल्या, काम थांबवायचे कागद आले, काम थांबलं.

पुढचं सगळं रीतसर झालं. चौकोन आखला, दोऱ्या बांधल्या. बाई आणि त्यांचे दोन विद्यार्थी ब्रशनं माती काढत होते. दादानं एका परातीत सहज धुतली असती तेवढी माती काढायला त्यांना दिवस लागत होता. मी पाठीचा पट्टा बांधून पुन्हा एकदा खड्ड्याच्या काठावर बसले आणि चित्र काढलं. सारवलेली जमीन, तिच्यावर चुलीची राख, तिच्याखाली तो मडक्यांचा पाळणा. मूल कुशीवर होतं. गळ्यात लाल मण्यांचा एक सर, दोरा कधीच गेलेला, पण मणी जसे ओवले होते तसेच ओळीत. दादाच्या डब्यात तसले मूठभर मणी होते. ते कुणाच्या गळ्यातले, हे आता कधीच कळणार नव्हतं. तो माझ्यामागं उभा राहून ती ओळ बघत होता. मी त्याला काही बोलले नाही. बोलायची गरज नव्हती, आणि बोलले असते तर मी माणसातनं उठले असते.

उचलायच्या दिवशी वैनी वाटीत दूध घेऊन आली. बाई म्हणाल्या, आत काही पडलं तर तपासणी बिघडेल, नका घालू. त्यांचं बरोबर होतं. वैनी वाटी घेऊन तशीच दोरीच्या बाहेर उभी राहिली. बाईंनी फार जपून काम केलं. मऊ कागद, कापूस, लाकडी पेटी. मी पाहिलेल्यांत इतक्या हळू हातानं कुणी उचललं नव्हतं. गाडीत पेटी ठेवताना त्या दादाला नमस्कार करून म्हणाल्या, "तुमच्यामुळं झालं हे. तपासणी झाली की कळवते." दादानं मान हलवली.

पांढरी वाचली. निदान जेवढी उरली होती तेवढी. आता तिथं कुंपण आहे, सरकारी पाटी आहे, आणि पुढचं उत्खनन मंजूर व्हायचंय. बाजार अजून रस्त्यावरच बसतो, आणि त्याचं खापर गाव दादाच्या माथ्यावर फोडतं. एकदोन घरांनी त्याच्याशी बोलणं सोडलंय. बाईंचा फोन आला होता. मूल तीन हजार वर्षांपूर्वीचं असावं असा अंदाज आहे, त्या लेख लिहिताहेत, आणि त्यात दादाचे आभार मानणार आहेत. मी हे सांगायला मुद्दाम गावी गेले. मला वाटलं होतं, त्याला बरं वाटेल.

त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे झाली तपासनी."

"झाली म्हणायची."

"मग कवा आनत्यात?"

मला आधी कळेना. त्यानं मला समजावून सांगितलं, आपण लहान मुलाला समजावतो तसं. आमच्या उसाच्या फडात एकदा एक परका मजूर मेला होता. पोलिसांनी त्याला साताऱ्याला सिव्हिलला नेलं, डॉक्टरांनी तपासलं, आणि मग घरच्यांना बोलावून त्यांच्या ताब्यात दिलं. सरकार नेतं ते तपासायला नेतं. तपासून झालं की परत देतं. "आमीच त्येचं घरचं म्हनायचं, दुसरं कोन हाय? म्या ओढ्याकडंला, त्या पहिल्याच्या शेजारी, जागा साफ करून ठिवलीया."

मी सगळा जन्म या कामात घालवला. उचलल्यावर काही परत येत नाही, हे मला इतकं ठाऊक की ते कुणाला सांगावं लागेल हे माझ्या मनातच आलं नव्हतं. खोटं बोलता आलं असतं. पुढच्या वर्षी, म्हणाले असते, मग त्याच्या पुढच्या वर्षी. पण तो माझा दादा आहे.

"नाही आणत, दादा," मी म्हणाले. "ते तिथंच राहणार. नीट ठेवतील, पण तिथंच."

तो चिडला नाही. चिडला असता तर मला भांडता आलं असतं. आम्हाला भांडायची सवय आहे. माझ्याकडं बघत तो म्हणाला, "मग तुला हाक मारायला नको हुती म्या."

मी बरोबर होते, असं मला आजही वाटतं. त्यानं हाक मारली नसती तर पांढरी गेली असती, आणि तिच्यात निजलेली सगळी गेली असती. हे मी त्याला सांगितलं नाही. त्याला ते ठाऊक होतं. तो उठला, दोरी सोडून म्हशीला पाणी दाखवायला घेऊन गेला, आणि मी वैनीबरोबर भाकरी करायला आत गेले.